साठ हजार की सात हजार?

‘तुमचं बजेट काय आहे?’

डॉक्टरांनी हे इतक्या शांतपणे विचारलं, की क्षणभर वाटलं मी सोफा घ्यायला आलेय. समोर स्टीलच्या टेबलावर बंड्या आडवा पडला होता. डाव्या नाकपुडीतून रक्ताचा बारीक ओघळ, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या, आणि आत आल्यापासून एकदाही शेपूट हललेली नाही. बाहेर शुक्रवारची रात्र, धो धो पाऊस. आणि हे गृहस्थ मला बजेट विचारतायत!

मनात म्हटलं, काय माणूस आहे हा. त्या रात्रीचा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न तोच होता, हे कळायला मला पुढचे सहा दिवस लागले.

पण आधी बंड्याची ओळख करून देते. बंड्या म्हणजे अस्सल गावठी. हल्ली त्याला ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे जरा पॉश वाटतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, एका बंद पडलेल्या स्कूटरखाली सापडला. तळहातावर मावेल एवढा. तेव्हा सगळ्यांकडेच वेळच वेळ होता. कुणी ब्रेड भाजायला शिकलं, कुणी गिटार काढली, मी कुत्रा पाळला. गिटार पुन्हा माळ्यावर ठेवता येते, कुत्र्याचं तसं नसतं. पाच वर्षांत माझ्या दोन नोकऱ्या गेल्या, एक बॉयफ्रेंड गेला, तीन रूममेट बदलल्या. बंड्या मात्र रोज संध्याकाळी सहाला दारात पट्टा तोंडात धरून उभा.

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे ‘पेमेंट पुढच्या आठवड्यात नक्की’ या वाक्यावर जगणारी प्रजाती. मास कॉमच्या वर्गात आम्हाला बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते शिकवलं, इनव्हॉइसचा पाठपुरावा कसा करायचा ते नाही. तरी मी एक शहाणपणा केला होता. दर महिन्याला जमेल तेवढे पैसे बाजूला टाकत होते. बँकेच्या ॲपवर त्या खात्याला नाव देता येतं. मी दिलं होतं, ‘बाबांचे कान’.

बाबा एसटीत कंडक्टर होते. सातारा–स्वारगेट, स्वारगेट–सातारा. तीस वर्षं इंजिनाचा आवाज, हॉर्न, डबल बेल आणि ‘पुढं सरका’ची आरोळी. कारण तेच की वय, कोण जाणे, पण रिटायर झाले तेव्हा दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज आळीच्या टोकापर्यंत. आई काही बोलली की ‘आँ?’ कानाच्या मशीनची चौकशी केली, तर दोन्ही कानांची बरी मशीन्स पन्नास हजारांच्या आसपास. बाबा म्हणाले, ‘एवढं महाग काय ऐकायचंय मला?’ विषय संपला. म्हणून मी गुपचूप साठवत होते. जुलैपर्यंत अठ्ठेचाळीस हजार झाले होते. दिवाळीत सरप्राइज द्यायचं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बंड्याने जेवण टाकलं. पहिल्या दिवशी वाटलं, नखरे. दुसऱ्या दिवशी चिकन पुढे केलं तरी मान फिरवली, तेव्हा चरकले. आमचे कोपऱ्यावरचे डॉक्टर चांगले आहेत. चारशे रुपये फी, आणि बंड्याला नावाने हाक मारतात. त्यांनी कान उलटा करून दाखवला. आतल्या घडीत डाळीच्या दाण्याएवढ्या दोन गोचिड्या.

‘गोचीड ताप दिसतोय. रक्त तपासू.’

प्लेटलेट्स आल्या बावीस हजार. कुत्र्याच्या निदान दीड-दोन लाख तरी असाव्या लागतात. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. एर्लिकिया नावाचा जीवाणू असतो. गोचीड चावली की तो रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींत मुक्काम ठोकतो. प्लेटलेट्स पडतात, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. लवकर सापडलं तर डॉक्सिसायक्लीनच्या साध्या गोळ्यांवर बहुतेक कुत्री बरी होतात. महिनाभराचा कोर्स, खर्च हजाराच्या आत. उशीर झाला तर मात्र तो थेट हाडांतल्या मगजावर, म्हणजे रक्त तयार होतं तिथेच बसतो.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, ‘गोचिडीची गोळी कधी दिली होती?’

मी गप्प. ती चघळायची गोळी असते, एक दिली की तीन महिने निवांत. किंमत सतराशे रुपये. मे महिन्यात द्यायची होती. मेमध्ये एका क्लायंटने पेमेंट लटकवलं होतं. म्हटलं, पुढच्या महिन्यात देऊ. मग पुढच्या महिन्यात विसरले.

चार दिवस गोळ्या, सलाइन, इंजेक्शनं. शुक्रवारी संध्याकाळी नाकातून रक्त आलं. पुन्हा तपासणी केली, तर हिमोग्लोबिन पाचवर. डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘माझ्याकडे होतं तेवढं करून झालं. याला रक्त चढवायला लागेल. फिजिशियनकडे न्या, आत्ताच.’ शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचंही नाव त्यांनी घेतलं. शिकवणारं सरकारी हॉस्पिटल, खर्च पुष्कळ कमी. पण रात्रीची वेळ, पन्नासेक किलोमीटर, घाटातला पाऊस, आणि रस्त्यात काही झालं तर? मला धीर झाला नाही.

कॅब ॲपवर तीन ड्रायव्हरनी ‘डॉग? सॉरी मॅडम’ म्हणून राइड कॅन्सल केली. शेवटी एक रिक्षावाले काका थांबले. त्यांनी सीटखालची गोणपाटाची पिशवी काढून अंथरली आणि म्हणाले, ‘ताई, माझ्या मेव्हण्याकडं बी हाय एक. बसा.’ मीटरवर एक पैसा जास्त घेतला नाही. त्या आठवड्यातली ती एकमेव स्वस्त गोष्ट.

तर, तुमचं बजेट काय आहे?

मी म्हटलं, ‘जे लागेल ते करा.’ सिनेमात म्हणतात तसं.

डॉक्टर म्हणाले, ‘सगळे असंच म्हणतात. मग तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत. तेव्हा आधी ऐकून घ्या.’ आणि त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. ॲडमिट, रक्त, सोनोग्राफी, गोचिडीच्या सगळ्या आजारांची पीसीआर टेस्ट. पन्नास ते सत्तर हजार. वाचण्याची शक्यता निम्मी-निम्मी. पैसे भरले म्हणून कुत्रा वाचेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. ‘दहा हजार असतील तर दहा हजारांत काय करता येईल तेही सांगतो. काहीच जमत नसेल तर तसंही सांगा, त्रास न होता जाईल एवढं बघू. मी तुम्हाला जज करणार नाही.’

मी ‘बाबांचे कान’ उघडलं आणि तीस हजार ॲडव्हान्स भरले.

रक्त मिळवणं ही वेगळीच कथा. माणसांसाठी ब्लड बँका असतात. कुत्र्यांसाठी बऱ्याचदा व्हॉट्सॲप ग्रुप हीच ब्लड बँक. डोनर एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोच्या वरचा, लसीकरण झालेला आणि स्वतः गोचीड तापातून न गेलेला हवा. कुत्र्यांचेही रक्तगट असतात. पण पहिल्यांदा रक्त चढवताना सहसा रिअॅक्शन येत नाही, धोका पुढच्या वेळी वाढतो. तरी क्रॉसमॅच करून घेणं चांगलं. हे सगळं ज्ञान मला रात्री साडेदहा वाजता मिळालं. अकरा वाजता पाषाणहून बत्तीस किलोचा ब्रूनो नावाचा लॅब्रॅडॉर आला, सोबत त्याचा झोपाळू आयटीवाला मालक. मी पैशांचं विचारलं तर म्हणाला, ‘वेडी आहेस का? फक्त त्याला नंतर उकडलेली अंडी दे.’ चार अंडी. ब्रूनोने सालासकट खाल्ली.

शनिवारी सकाळी बाबांना फोन केला. सांगायचंच होतं. तुमच्या मशीनचे पैसे होते, ते मी वापरतेय, हे सांगायचं होतं. निम्मं वाक्य तयार करून ठेवलं होतं.

‘बाबा, बंड्या सीरियस आहे. दवाखान्यात ठेवलाय.’

‘आँ? कोण ठेवलंय?’

‘बंड्या! खर्च खूप आहे. साठ हजार!’

‘सात हजार?’ तिकडून बाबा ओरडले. ‘आगं, कुत्र्यावर सात हजार? म्हैस आजारी पडली तरी एवढं लागत नाही, आन् ती दूध तरी देती! ... आगं ऐकलंस का, कुत्र्याला सात हजार म्हणतीय ही!’ आईलाही बातमी पोचली.

इथे मी ‘सात नाही बाबा, साठ’ म्हणायला हवं होतं. वेटिंग रूममध्ये आठ-दहा माणसं होती. ओरडून सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, ‘हो... नंतर बोलते.’ आणि फोन ठेवला. ज्यांच्या कानाच्या मशीनचे पैसे मी खर्च करत होते, त्यांना ते ऐकू आलं नाही म्हणून मी सुटले. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलं असेल तर मला आठवत नाही.

सहा दिवस मी त्या वेटिंग रूममध्ये बसून लेख टाइप केले. माझ्या बाजूला एकदा कुरिअरचा युनिफॉर्म घातलेला मुलगा येऊन बसला. विशी-बाविशीचा. मांडीवर गल्लीतली कुत्री, ओढणीत गुंडाळलेली. तिला गाडीने उडवलं होतं. त्यालाही तोच प्रश्न विचारला गेला. तो म्हणाला, ‘दोन हजार आहेत सर.’ डॉक्टरांनी मान हलवली आणि दोन हजारांत बसेल तेवढं खरंच लिहून दिलं. आपली फी त्यात धरली नाही, हे मला दिसलं. पण दोन हजारांत ऑपरेशन बसत नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं. तो तिला घेऊन गेला. त्या कुत्रीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. आत माझा बंड्या साडेतीन हजार रुपये रोजाच्या पिंजऱ्यात सलाइनवर होता आणि मला स्वतःचा राग यायचा का आनंद मानायचा, हे कळत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढे पैसे लागतातच कशाला? लूट आहे नुसती. मलाही तसंच वाटत होतं. पण पत्रकाराची खोड, सहा दिवस प्रश्न विचारत बसले. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. त्यावर मास्टर्सची आणखी दोन वर्षं. सोनोग्राफीचं मशीन, रक्त तपासायचं मशीन फुकट येत नाही. आणि आपल्या आजारपणात निम्मी लढाई विमा लढतो, कुठे सरकारी योजना लढते. इथे सगळं थेट खिशातून. कुत्र्यांचा विमा आपल्याकडे मिळतो, पण तो तरुण, धडधाकट असतानाच काढायला हवा, आजार झाल्यावर नाही. आणि ‘माझा कुत्रा कशाला आजारी पडतोय’ असं वाटण्याचेच ते दिवस असतात.

आणि पैसा हा एकच प्रश्न नाही हेही कळलं. रतन टाटांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी थेट अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. तरी उशीर झाला होता, सांधा बदलता आला नाही. मुंबईत महालक्ष्मीला जे लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल त्यांनी उभं केलं, ते २०२४ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. टाटांनाही जिथे ‘आधी आणायला हवं होतं’ ऐकावं लागलं, तिथे मी कोण!

पाचव्या दिवशी मी पिंजऱ्यापाशी गेले तर बंड्याने मान उचलली. शेपूट एकदा जमिनीवर आपटली. एकदाच. नर्स ताई म्हणाल्या, ‘सकाळी अंडं खाल्लं.’ मी तिथेच फरशीवर बसून रडले. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स ऐंशी हजार, डिस्चार्ज. बिल ६१,०००. अठ्ठेचाळीस ‘बाबांच्या कानां’तून, तेरा क्रेडिट कार्डावर. खात्यावर शिल्लक शून्य. नाव मात्र तसंच, ‘बाबांचे कान’.

ऑगस्ट गेला, गणपती गेले. बंड्या पूर्वीसारखा दारात पट्टा घेऊन उभा राहायला लागला. मी दोन कंपन्यांची ब्रोशर्स लिहून क्रेडिट कार्ड फेडलं. बाबांना काही बोलले नाही. मात्र दर फोनला बाबा विचारायचे, ‘सात हजाराचं कुत्रं कसंय?’ आणि हसायचे. आईने भावकीतही किस्सा सांगितला होता. प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा यायचा.

दिवाळीला बंड्याला घेऊन साताऱ्याला गेले. पाडव्याच्या दिवशी दुपारी बाबांच्या शेजारी जाऊन बसले, कानाजवळ तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. सात नाही, साठ. साठ नाही, एकसष्ट. आणि ते पैसे कशासाठी होते, तेही.

बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, पुन्हा ऐकू आलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, सगळं ऐकू आलंय. उठून बाहेर गेले. आई म्हणाली, ‘सणासुदीला सांगायचं होतं का हे?’ रात्री जेवताना आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. फक्त टीव्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा घेताना बाबा म्हणाले, ‘बिल आणलंयस का?’

मोबाइलवर होतं. मी मोठं करून दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एकेक रक्कम उतरवून घेतली. तीस वर्षं रात्री वेबिल जुळवलेला माणूस. रुपया कमी पडला तर स्वतःच्या खिशातून भरायचा, त्यामुळे नजर पक्की. डॉक्टरांची फी ३,१००. रक्ताच्या तपासण्या ४,२००. पीसीआर ५,५००. सोनोग्राफी २,५००. एक्स-रे दोन, १,६००. रक्त चढवणं १२,०००. सहा दिवस राहणं २१,०००. औषधं, इंजेक्शनं ११,१००. बेरीज दोनदा केली.

‘एक्स-रेचे फोटू कुठायत?’

फाइलचा फोटो दाखवला. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

‘फोटू एकच हाय. पैसे दोनाचे लावलेत. आठशे जास्त दिलेस तू.’

मी बिल दहादा पाहिलं होतं. प्रत्येक वेळी खालचा आकडाच पाहिला होता.

‘पुण्याला गेलीस की आधी ते आठशे परत आण,’ बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, अंगणात लोळणाऱ्या बंड्याकडे बघत, ‘शिरवळला का नाही नेलंस? आयुष्यभर माझी गाडी तिथनंच गेली. फोन केला असतास तर मी फाट्यावर येऊन थांबलो असतो.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पैशांचा हिशोब केला होता, अंतराचा केला होता. बाबा येऊन थांबतील, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं.

‘आन् पुढच्या खेपंला मोठ्यानं बोलत जा,’ ते म्हणाले. विषय त्यांच्यापुरता संपला.

पुण्याला परतल्यावर हॉस्पिटलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, सॉरी म्हणाली, आठशे रुपये परत केले. तिथेच शेजारच्या काउंटरवर गोचिडीची गोळी मिळते. सतराशेची. आठशेत नऊशे घातले आणि घेऊन आले. आता फोनमध्ये दर तीन महिन्यांचा अलार्म आहे. आणि दर संध्याकाळी फिरून आल्यावर कानांच्या घड्या, बोटांच्या मधली जागा आणि पट्ट्याखालची मान बघायची, हिरड्यांवर एक नजर टाकायची. दोन मिनिटांचं काम. तुमच्याकडे कुत्रा असेल तर आज घरी गेल्यावर एवढं कराच. आणि कुणी डॉक्टर बजेट विचारतील तेव्हा चिडू नका. खरा आकडा सांगा.

‘बाबांचे कान’ पुन्हा शून्यापासून सुरू झालंय. सध्या अकरा हजार दोनशे आहेत. या वेळी ते सरप्राइज नाही, बाबांना माहीत आहे. महिन्यातून एकदा विचारतात, किती झाले. मी बाल्कनीत जाऊन, शेजारच्या बिल्डिंगलाही कळेल अशा आवाजात सांगते.

‘अकरा, बाबा! अकरा हजार!’

‘अठरा?’

‘अकरा!’

बंड्याही भुंकायला लागतो. तो मात्र त्यांना बरोबर ऐकू येतो.